किल्ले, पाहुणे आणि आपण

रविवारच्या पवित्र मिस्सानंतर केळवे रोड स्थानकात उभे राहिले, की मुंबईकडून आलेल्या गाडीतून उतरणारे पाहुण्यांचे थवे दृष्टीस पडतात. कडेवर मुले, हातात डबे, एखाद्याच्या खांद्यावर क्रिकेटची बॅट. रिक्षांत दाटीवाटीने बसून ही मंडळी समुद्राकडे निघतात आणि सुरूच्या बागेत डबे सोडतात. त्याच बागेत पोर्तुगीजांनी बांधलेला एक भुईकोट आहे. कित्येक वर्षे तो वाळूत गाडलेला होता. इतिहासप्रेमी तरुणांनी आपल्या हातांनी वाळू उपसून तो मोकळा केला. तरीही आत डोकावणारे पाहुणे आम्हांस फारच थोडे आढळले.

ज्या देशातील लोकांनी हे कोट बांधले, त्या पोर्तुगालात मात्र जुन्या तटांचे दैव पालटले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो युरोपातील एक दरिद्री देश होता. हजारो तरुण पोटासाठी फ्रान्सकडे निघून जात होते. अशा देशाच्या सरकारने 1942 साली एल्व्हास येथे प्रवाशांसाठी पहिले ‘पौसादा’, म्हणजे सरकारी विश्रामगृह, उघडले आणि 1951 साली ओबिदुश येथील मध्ययुगीन किल्ल्यातच पाहुण्यांची सोय केली. पुढे ओस पडलेले मठ व गढ्याही याच कामी आल्या. फातिमाच्या माळरानावर 1917 साली गुराखी मुलांना पवित्र मरियेचे दर्शन घडले होते. तेथे यात्रेकरूंची रीघ लागलीच होती. 1965 साली दक्षिणेस फारो येथे विमानतळ झाला, 1974 साली हुकूमशाही कोसळली, 1986 साली देश युरोपीय समुदायात सामील झाला. अवघ्या एक कोटी पाच लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशात 2023 साली सुमारे तीन कोटी पाहुणे मुक्कामास राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिस्बन येथे पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीत जागतिक युवा दिन झाला, तेव्हाची गर्दी आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिली असेल.

आपल्या किनाऱ्याची कथा निराळी आहे. 1534 साली वसई व 1559 साली दमण पोर्तुगीजांच्या हाती आले. या दोन ठाण्यांमध्ये केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी कोटांची माळ उभी राहिली. 1739 च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजांनी त्यांतील एकेक मणी ओढून काढला. तारापूरचा कोट सहजासहजी पडला नाही. तेथे बाजी भीवराव रेठरेकरांसारखा मोहरा कामी आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली आणि ख्रिस्तमंदिरांच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा पाहण्यास आजही प्रवासी जातात. तारापूरचा कोट पुढे विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थांकडे आला. इंग्रजी अमलात या तटांना काही कामच उरले नाही.

मग 1969 साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, पाठोपाठ बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली आणि तारापूर हे नाव जगाला वेगळ्याच कारणाने ठाऊक झाले. केरळ, मंगळूर, गोवा, वसई अशा नाना ठिकाणचे ख्रिस्ती कामगार येथे आले. आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्या त्यांच्या नावांनी भरल्या. अणुकेंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे. 2013 च्या एप्रिलपासून विरारला थांबणारी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. आमच्या मते या किनाऱ्यावरील पर्यटनाची खरी वाढ त्या लोकलपासून मोजावी.

ही वाढ अजून तरी घराघरांतून झाली आहे. केळवे-माहीमच्या वाड्यांत पानमळ्याशेजारची एखादी खोली पाहुण्यास दिली जाते. घरची बाईच रांधते आणि थंडीत उकडहंडीचा बेत असतो. पैसा थोडा, पण तो गावात राहतो. लिस्बनमध्ये याच्या नेमके उलट घडले. आल्फामासारख्या जुन्या मोहल्ल्यांत घरमालकांनी खोल्या प्रवाशांना दिल्या, भाडी चढली, पिढ्यान् पिढ्या राहणारी म्हातारी माणसे उपनगरात गेली. अखेर 2018 साली नगरपालिकेला काही मोहल्ल्यांत असे नवे परवाने थांबवावे लागले. पाहुणे कोळ्यांची वस्ती पाहावयास येत आणि तेथे त्यांना दुसरे पाहुणेच भेटत! आपल्या वाड्यांची खरेदीखते होत असताना ही गोष्ट आम्हांस वारंवार आठवते.

या किनाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न आहे. डहाणू तालुक्याला 1991 साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून सरकारी संरक्षण मिळाले. त्याच तालुक्यातील वाढवण येथे 76 हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी 2024 च्या ऑगस्टमध्ये झाली. मच्छीमार बांधव कित्येक वर्षे त्याला विरोध करीत आले आहेत. रोजगार हवा, हे बोईसरच्या कामगाराला आम्ही सांगावयास नको. परंतु किनारा आणि त्यावरची माणसे हलली, तर पाहुणा तरी कशासाठी येणार?

आणि आपण ख्रिस्ती लोक? या कोटांपासून आपण अंग चोरून राहतो. ‘पोर्तुगीजांची पिलावळ’ हा टोमणा आपल्यापैकी अनेकांनी ऐकला आहे. वास्तविक उत्तर कोकणातील आपले बहुसंख्य पूर्वज याच मातीतले शेतकरी, भंडारी, कोळी. पोर्तुगीजांच्या अमलात देवळे पडली, गोव्यात धर्मन्यायालय बसले, लोकांवर जुलूम झाला. पुढे ख्रिस्तमंदिरेही पडली. पाहुण्याला कोट दाखवणाऱ्याने यांपैकी काहीही लपवू नये.

मागे एकदा धर्मग्रामातील मुलांना घेऊन आम्ही खोडकोना गावातून आशेरीगड चढलो. दरवाजापाशी दगडात कोरलेले पोर्तुगीज राजचिन्ह आहे. एका मुलाने त्यावरून हात फिरवीत विचारले, “फादर, हे आपलं का?” आम्ही म्हणालो, “बाळा, दगड इथला, मुकुट परक्याचा.” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आणि कोरलं कुणी?” त्यावर आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. गड उतरेपर्यंत मुले त्यावरच वाद घालीत होती.