गिल्ट, बॅरो आणि खरकटं : डुकरांच्या शब्दांतला इतिहास

आजचा एपिसोड डुकरांवर आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, पण ऐका.

वराहपालन सुरू करायचं म्हणून व्हिडिओ बघायला बसलं, की पहिल्या पाच मिनिटांत गिल्ट, बॅरो, फॅरोइंग, वीनर असे शब्द अंगावर येतात. मी पडलो इतिहासवाला. या शब्दांचा अर्थ शोधायला गेलो आणि हजार वर्षं मागे पोचलो.

आधी आपल्या घरात बघू. गाईच्या गोठ्यात कालवड आहे, खोंड आहे, वळू आहे, बैल आहे. म्हशीकडे पारडू, वगार, रेडा. शेळीकडे करडू, पाट, बोकड. प्रत्येक वयाला, प्रत्येक कामाला वेगळा शब्द. आता डुकराकडे या. डुक्कर, डुकरीण, पिल्लू. संपलं!

असं का? जनावर तर आपल्याकडे जुनंच आहे. बदामीच्या चालुक्यांच्या राजचिन्हावर वराह होता. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात भव्य वराहमूर्ती आहे, आणि त्या लेण्यातल्या शिलालेखाचं साल आहे 578. म्हणजे देवळात वराह, आणि गल्लीत मात्र ‘डुक्कर’ ही शिवी. प्रत्यक्षात डुकरं पाळली ती वडार, कैकाडी अशा समाजांतल्या कुटुंबांनी. गावाच्या कडेला राहून, लोकांची नाकं मुरडलेली सोसून. पुस्तकं आणि शब्दकोश लिहिणारे लोक वेगळे होते. त्यामुळे पाळणाऱ्यांच्या तोंडचे शब्द पुस्तकी मराठीत फारसे आलेच नाहीत. पुढे सरकारी योजना आल्या, तेव्हा वर ‘वराहपालन’ अशी सोवळी पाटी लागली आणि आतले शब्द इंग्रजीतून उचलावे लागले.

इंग्लंडमध्ये उलटं होतं. तिथे डुक्कर घरोघरी होतं. 1086 मध्ये राजा विल्यमने देशाची मोजदाद करून घेतली, ती ‘डूम्सडे बुक’ म्हणून ओळखली जाते. त्यात कितीतरी ठिकाणी जंगल कसं मोजलंय माहितीये? ‘इतक्या डुकरांना पुरेल एवढं रान’ असं! शरद ऋतूत ओकची फळं खायला डुकरं रानात सोडायचा हक्क असे. त्याला पॅनेज म्हणतात, आणि न्यू फॉरेस्ट भागात तो आजही चालतो. रान ज्या जनावरावर मोजलं जातं, त्याला शब्द कमी कसे पडतील?

आता एकेक शब्द घेऊ.

साऊ म्हणजे व्यायलेली मादी. हा शब्द आणि आपल्या संस्कृतातला ‘सूकर’ एकाच मुळातून आले आहेत. लांबचे का होईना, भाऊबंद.

गिल्ट म्हणजे अजून एकदाही न व्यायलेली तरुण मादी. आपली कालवड, तशी ही. हा शब्द मूळचा नॉर्स, म्हणजे इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेला वस्ती करून राहिलेल्या व्हायकिंगांचा. शब्द छोटा आहे, पण पैशाचा आहे. गिल्टचं पहिलं वेत सहसा लहान असतं, आणि ती पिल्लं कशी सांभाळेल हे अजून कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून मादी घेताना विचारायचं : ‘कितवं वेत?’ हा एक मराठी प्रश्न पुष्कळ काम करतो.

बोअर म्हणजे पैदाशीचा नर. बॅरो म्हणजे लहानपणीच खच्ची केलेला नर, मांसासाठी वाढवलेला. वयात आलेल्या नराच्या मांसाला उग्र वास येऊ शकतो, म्हणून ही जुनी पद्धत. पैदाशीसाठी म्हणून बॅरो विकत घेतलात, तर वाट बघत बसाल.

फॅरोइंग म्हणजे विणं. गंमत बघा, ‘फॅरो’ हा जुन्या इंग्रजीत पिल्लासाठीचा शब्द, आणि तो लॅटिन ‘पोर्कुस’चा नातेवाईक. त्याच ‘पोर्कुस’पासून फ्रेंचमार्गे ‘पोर्क’ आला. 1066 मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडचे मालक झाले. मग पाळणाऱ्याच्या तोंडी ‘स्वाइन’ राहिला आणि जेवणाऱ्याच्या ताटात ‘पोर्क’ आला. ही वाटणी पक्की व्हायला पुढे कित्येक शतकं लागली, पण सुरुवात तिथली. गाभण काळ लक्षात ठेवायला सोपा आहे : 3 महिने, 3 आठवडे, 3 दिवस. साधारण 114 दिवस.

वीनर म्हणजे आईचं दूध तोडलेलं पिल्लू. नवीन माणूस बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतो.

आता शेवटचा शब्द, आणि हा नीट ऐका : स्विल. मराठीत सरळ सांगायचं तर हॉटेलचं, मेसचं खरकटं. फुकट खाद्य म्हणून नवीन माणसाला सगळ्यात आधी हेच सुचतं. पण या शब्दाचा इतिहास महागाचा आहे. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूतची साथ आली. तिचा माग नीट न तापवलेलं खरकटं देणाऱ्या एका डुकरांच्या फार्मपर्यंत गेला. साथीत 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, आणि त्याच वर्षी तिथे स्विलवर बंदी आली. 2007 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर जॉर्जिया देशात पोचला, तोही जहाजांवरच्या खरकट्यातून, असं मानलं जातं. 2018 मध्ये तो चीनमध्ये गेला, 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचा कळपच्या कळप जातो, आणि त्यावर औषध नाही. म्हणून मांसाचा अंश असलेलं खरकटं नकोच. बाकीचं द्यायचं असेल, तर आधी पशुवैद्यकाला विचारा आणि नीट, ढवळत, भरपूर वेळ उकळूनच द्या. कर्ज काढून उभा केलेला धंदा एका बादलीत बुडू शकतो.

मला यातून एक गोष्ट कळली. शब्द जपले जातात ते ज्याच्या हाती लेखणी असते त्याचे. डुक्कर पाळणाऱ्यांकडे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतं. मान नव्हता, म्हणून ते वहीत उतरलं नाही. आज तुम्ही बँकेत जाऊन ‘माझा डुकरांचा फार्म आहे’ असं मान वर करून म्हणता, तेव्हा तीच वही उघडत असता.

तेव्हा एक काम करा. तुमच्या घरी, वस्तीत कुणी डुकरं पाळली असतील, तर आजीला-आजोबांना विचारा : न व्यायलेल्या मादीला काय म्हणायचे? खच्ची केलेल्या नराला? सगळ्यात अशक्त पिल्लाला? जे शब्द मिळतील ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ते शब्द त्यांच्याच आवाजात ऐकवू.