अमेरिकेंतील भूदृश्यशिल्पाचा उदय

घर बांधावयाचें तर शिल्पज्ञ लागतो, हें सर्वांस मान्य आहे; परंतु घराभोंवतालची जमीन, तिचे चढउतार, पाण्याची वाट आणि झाडांची सावली यांचाहि कोणीं तरी आधीं विचार करावा लागतो, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. तें काम माळ्याचें, अशीच सामान्य समजूत असते. उत्तर अमेरिकेंतहि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच समजूत होती. पुढील पन्नास वर्षांत त्या खंडावर या कामाचा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. त्यास आपण भूदृश्यशिल्प म्हणूं. तो कसा वाढला, आणि वाढतांना त्यानें कोणतें ऋण शिरावर घेतलें, हें पाहण्यासारखें आहे.

या कथेचा आरंभ हडसन नदीकांठच्या न्यूबर्ग गांवीं होतो. तेथील एका रोपवाटिकेच्या मालकाचा मुलगा अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यानें १८४१ सालीं उद्यानरचनेवर ग्रंथ लिहिला, आणि पुढें न्यूयॉर्क शहरास सार्वजनिक उद्यान हवें असा आग्रह धरला. १८५० सालीं त्यानें कॅल्व्हर्ट व्हॉक्स या तरुण शिल्पज्ञास इंग्लंडहून आणिलें. दोनच वर्षांनीं हडसनवरील एका आगबोटीस आग लागली आणि तींत डाउनिंगचा अंत झाला. त्याचें वय अवघें छत्तीस वर्षांचें होतें.

त्याचें स्वप्न पुरें केलें तें फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यानें. हा गृहस्थ प्रथम शेतकरी, मग वार्ताहर. दक्षिणेकडील संस्थानांत हिंडून तेथील गुलामगिरीचें वर्णन त्यानें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केलें होतें. १८५७ सालीं तो न्यूयॉर्कच्या नियोजित सेंट्रल पार्कवर देखरेखीस लागला. १८५८ सालीं त्यानें व व्हॉक्सनें मिळून सादर केलेला आराखडा तेहतीस आराखड्यांत पहिला आला. शहराची रहदारी आडवी नेणारे चार रस्ते त्यांनीं जमिनीच्या पातळीखालीं उतरविले. त्यामुळें हिंडणाऱ्यास गाड्यांचें दर्शनहि न होतां अखंड हिरवळ दिसते. आज ८४३ एकर असलेल्या त्या भूमींत जें निसर्गाचें म्हणून वाटतें, त्यांतील बहुतेक मनुष्यानें योजिलेलें आहे.

परंतु ती भूमि रिकामी नव्हती. उद्यानाच्या पश्चिम बाजूस सेनेका व्हिलेज नांवाची वस्ती होती. १८२५ पासून स्वतंत्र कृष्णवर्णीयांनीं तेथें जमिनी विकत घेऊन घरें बांधलीं. चर्चें आणि शाळा उभारली. १८५५ च्या सुमारास तेथें सुमारें सव्वादोनशें माणसें राहत होतीं. कृष्णवर्णी पुरुषास त्या संस्थानांत मताचा हक्क हवा असेल तर अडीचशें डॉलरांची मालमत्ता असणें आवश्यक होतें; म्हणून त्या जमिनीचा तुकडा हा केवळ निवारा नव्हता, नागरिकत्वाचा आधार होता. १८५३ च्या कायद्यानें जमीन सक्तीनें घेण्याचें ठरलें आणि १८५७ पर्यंत गांव उठविलें गेलें. मालकांस मोबदला मिळाला. गांव मात्र पुन्हां कोठें वसलें नाहीं. हा निर्णय ओल्मस्टेडचा नव्हे; पण त्याच्या कलेनें तो झांकला, हें नाकारतां येत नाहीं.

पुढें ही विद्या खंडभर पसरली. १८६५ सालीं कॅलिफोर्नियांतील योसेमिटी दरीविषयींच्या अहवालांत ओल्मस्टेडनें, असें सृष्टिसौंदर्य धनिकांची मिरास न होतां सर्वांस खुलें असावें, असें प्रतिपादिलें. कॅनडांत माँट्रियलच्या माउंट रॉयल डोंगरावरील उद्यान त्याच्याच योजनेंतून १८७६ सालीं उघडलें. परंतु एका प्रांताचा नियम दुसऱ्यास लागूं पडतोच असें नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कोरड्या किनाऱ्यावर पूर्वेकडील वृक्षराजीची नक्कल साधणार नाहीं, असा इशारा ओल्मस्टेडनें दिला होता. १८७१ पासून विल्यम हॅमंड हॉल यानें तेथील वाळूच्या टेकड्यांवर जव पेरून, त्याच्या आडोशास ल्युपिनचीं झुडपें वाढवून वाळू बांधली, आणि मग वृक्ष लाविले. गोल्डन गेट उद्यान उभें राहिलें. पण पाण्यासाठीं पुढें पवनचक्क्या बसवाव्या लागल्या. इशारा सर्वस्वीं खोटा नव्हता.

असे भिन्न अनुभव एकत्र आणून पुढच्या पिढीस द्यावयाचे, तर संस्था हवी. १८९९ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें अकरा जणांनीं या व्यवसायाची अमेरिकन संस्था स्थापिली. त्यांत बिएट्रिक्स जोन्स ही एकच स्त्री होती. दुसऱ्याच वर्षीं हार्वर्ड विद्यापीठांत या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९०१ सालीं मॅसॅच्युसेट्समधील ग्रोटन येथें स्त्रियांसाठीं निराळी शाळा निघाली. माळ्याच्या कामाचें शास्त्र झालें.

नांव, संस्था आणि पदवी मिळाली म्हणजे व्यवसाय पूर्ण झाला काय? आमच्या मतें नाहीं. वैद्य रोग्यास जबाबदार असतो, वकील अशिलास. भूदृश्यशिल्पज्ञास मात्र पैसे देणारा एक, आणि त्याची कृति भोगणारे अगणित, त्यांतील कित्येक अजून जन्मावयाचे. म्हणून त्याची जबाबदारी अधिक. २०११ सालीं सेंट्रल पार्कमध्यें उत्खनन झालें, तेव्हां हिरवळीखालीं एका घराचा पाया आणि चहाची लोखंडी किटली सांपडली. जमीन मोजतांना तिच्यावर कोण राहतें, हें प्रथम विचारावें, हा धडा त्या किटलीनें दीडशें वर्षें जपून ठेविला होता.