सोलापुरातली कोळंबी आणि तिच्यावरचं 'चायनीज' नाव

आमच्या नवी पेठेत घरी कोळंबी, ढोबळी मिरची, गाजर आणि कोबी मोठ्या आचेवर परतून सोया सॉस टाकला, की त्याला सरळ 'चायनीज' म्हणायचं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे कोळंबी फ्रोझन. ती कोरडी करून घ्या बरं, नाहीतर परतायच्या ऐवजी उकडली जाते. घरच्या गॅसची आच गाडीवरच्या शेगडीएवढी नसते, म्हणून थोडं थोडं परतायचं. कोळंबी गुलाबी होऊन वळली की लगेच काढायची, मग भाज्या, आणि शेवटी कोळंबी परत आत.

ही पद्धत खरोखर चिनी आहे. आधी सगळं बारीक चिरून ठेवायचं, मग काही मिनिटांत उरकायचं, म्हणजे सरपणही कमी लागतं. पण आलं-लसूण-हिरवी मिरचीचा तो ठसका? तो आपल्याकडचा. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग मुंबईच्या क्रिकेट क्लबात स्वयंपाक करायचे. १९७५ मध्ये काहीतरी नवं करा म्हणून मागणी आली. त्यांनी आलं, लसूण, मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. झालं, चिकन मंचुरियन! मंचुरियात शोधायला गेलात तर सापडणार नाही.

याच्या तेराच वर्षं आधीची गोष्ट मात्र मेन्यूकार्डावर नसते. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना पकडून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. खटला नाही, काही नाही. कित्येकांचा जन्म इथलाच, आणि त्यात म्हातारी माणसं होती, पोरंबाळंही होती. काहींची सुटका व्हायला वर्षं लागली. परतल्यावर कुणाचं दुकान गेलेलं, कुणाचं घर. देश सोडून गेले तेही बरेच. माणसांवर संशय घेतला आणि पुढे त्यांच्याच पदार्थांवर ताव मारला, हे मला खटकतं.

आणि आपल्या सोलापूरला तर चीन परका नव्हताच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, जन्म १० ऑक्टोबर १९१०. जपानने चीनवर हल्ला केल्यावर काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. तिथे ते चिनी भाषा शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले.

त्यांच्या वाट्याला आलेलं 'चायनीज' म्हणजे कोळंबी नव्हे हं. उत्तर चीनच्या त्या डोंगराळ भागात सैन्याचं रोजचं अन्न होतं राळं. चिनी भाषेत राळ्याला म्हणतात 'शाओमी'. हो, तुमच्यातल्या कित्येकांच्या हातात आत्ता जो फोन आहे, तेच नाव! सोलापूरच्या ज्वारीवर वाढलेला माणूस तिथे राळ्याच्या पेजेवर राबत होता.

१९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ ला, डॉक्टर गेले. वय ३२.