रोग्याची साक्ष

डॉक्टर खाटेशेजारीं बसतात, नाडी पाहतात आणि विचारतात, "आज कसें वाटतें?" रोगी म्हणतो, "बरें आहे." या उत्तराचें पुढें काय होतें, असा प्रश्न आमच्यासारख्या इतिहासाच्या अध्यापकास पडला तर नवल नाहीं, साक्ष कोणाची व ती लिहिली कोणीं, हें तपासण्यांतच आमचा जन्म गेला आहे.

फार काळ ही साक्ष रोग्याची असली तरी लेखणी डॉक्टरांची होती. इ. स. १९४८ मध्यें न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयांतील डेव्हिड कार्नोफ्स्की व त्यांचे सहकारी यांनीं नायट्रोजन मस्टर्ड हें औषध कर्करोग्यांना देऊन पाहिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. युद्धांतील विषारी वायूच्या कुळांतलें हें औषध. त्यानें रोग हटत नव्हता. मग रोग्यास लाभ झाला कीं नाहीं, हें ठरवावें कशावरून? त्यांनीं एक पट्टी योजिली. १०० म्हणजे निरामय, ५० म्हणजे पुष्कळ मदत व वारंवार उपचार लागणारा, ० म्हणजे मृत. गांठ केवढी याबरोबरच माणूस काय करूं शकतो हेंही मोजूं लागणें ही मोठीच गोष्ट झाली, आणि ती पट्टी आजही वापरांत आहे. परंतु अंक घालणारा हात डॉक्टरांचाच. स्वतःचें स्वतः आवरतो म्हणून ज्याला ७० मिळाले, तो रात्रभर तळमळत होता काय, हें त्या पट्टीवर उमटत नसे.

माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठांतील रोनाल्ड मेलझॅक यांनीं हें कोडें शब्दांच्या बाजूनें हातीं घेतलें. त्यांची १९७५ ची प्रश्नावली म्हणजे वेदनेचा लहानसा कोशच : ७८ शब्द, २० गटांत लावलेले, रोग्यानें आपल्यास लागू पडतील ते निवडावे. येथें थोडें विषयांतर करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. दाढ ठणकते, गळूं ठुसठुसतें, खरचटलेलें चुरचुरतें, कांटा सलतो, पोटांत मुरडा येतो, पाठींत उसण भरते, तापानें अंग मोडून येतें. यांतील एक शब्द दुसऱ्याच्या जागीं ठेवून पाहा! परभाषेंतील प्रश्नावली शब्दाला शब्द ठेवून मराठी रोग्यापुढें सरकविणारास ही अडचण पहिल्याच दिवशीं भेटते. जागतिक आरोग्य संघटनेनें ती ओळखिली होती. १९९० नंतरच्या दशकांत जीवनमानाविषयींची १०० प्रश्नांची प्रश्नावली तिनें एका देशांत न रचितां १५ केंद्रांत रचिली. त्यांत दिल्ली व मद्रास हीं दोन आपल्याकडचीं होतीं.

सुखदुःखाला आंकडा लावणें आमच्या पिंडाला रुचत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तथापि ही अरुचि पुढील हकीकतीपुढें टिकली नाहीं. कार्नोफ्स्की ज्या रुग्णालयांत होते, तेथेंच एथन बॅश व सहकाऱ्यांनीं केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट पाडले. एका गटानें मळमळ, धाप, वेदना इत्यादि १२ लक्षणें स्वतःच संगणकावर नोंदवावयाचीं. त्रास वाढला कीं परिचारिकेस सूचना जाई. दुसऱ्याची देखभाल नेहमींच्या रीतीनें. २०१७ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेहमींच्या गटाचें मध्यक आयुष्य २६.० महिने, स्वतः नोंद करणाऱ्यांचें ३१.२. औषधही त्यांना अधिक काळ सोसलें : सरासरी ८.२ महिने, इतरांस ६.३.