६४०३.२० : नाव नसलेली कोल्हापुरी

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण चप्पल घालणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाची सँडल दिसली आणि आपल्याकडे एकच गलका झाला, कोल्हापुरीचं नाव का घेतलं नाही? राग रास्तच होता. पण नाव न घेता तिचं वर्णन करायचा प्रकार त्याआधी सदतीस वर्षं चालू होता. तोही जगभरच्या कस्टम्सच्या पुस्तकात.

१ जानेवारी १९८८ पासून बहुतेक देशांनी मालाची एकच यादी स्वीकारली. तिला हार्मोनाइज्ड सिस्टीम म्हणतात. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे ज्याचे त्याने वाढवायचे. पादत्राणांचं प्रकरण ६४ वं. त्यात ६४०३.२० या आकड्यापुढे काय लिहिलंय बघा (मराठीत सांगतो): तळ चामड्याचा, आणि वर पावलावरून जाणारे व अंगठ्याभोवती येणारे चामड्याचे पट्टे असलेले पादत्राण. आता सांगा, ही कोण? आपल्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा. भारताने आपल्या टॅरिफमध्ये याच आकड्याखाली कोल्हापुरी हे नाव घातलंय. बाहेरच्यांच्या पुस्तकात मात्र नुसता पट्टा आणि अंगठा.

बरं, कस्टम्सवाला चप्पल कशी बघतो? कारागीर वेणी बघतो, कान बघतो, करकर ऐकतो. कस्टम्सवाला दोनच गोष्टी विचारतो. वरच्या भागात बाहेरून सगळ्यात जास्त जागा कुठल्या मालाने व्यापली आहे? आणि जमिनीला सगळ्यात जास्त काय टेकतं? बक्कल, गोंडा, नक्षी मोजत नाहीत. तळाला मारलेले खिळेसुद्धा नाहीत.

यातून पळवाटा निघणारच. अमेरिकेत कॉन्व्हर्सच्या कॅनव्हास बुटांच्या रबरी तळाला फेल्टचा पातळ थर लावलेला असायचा. पायाला त्याचा काडीचा उपयोग नाही, चार दिवसांत झिजायचा. पण जमिनीला कापड टेकलं की बूट घरातल्या सपातांच्या पंगतीत बसायचा आणि ३७.५ टक्क्यांऐवजी ३ टक्के जकात लागायची. पुढे अमेरिकेने नियमच केला, की रोजच्या वापरात टिकत नाही तो थर धरायचा नाही. (आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना आपण उगाच हुशार समजतो.)

आता आपल्या मुद्द्यावर येतो. अमेरिकेच्या टॅरिफमध्ये ६४०३.२० ची मूळ जकात शून्य आहे. शून्य! पण हल्ली शहरी गिऱ्हाईक म्हणतं, फरशीवर घसरते, खाली रबर लावून द्या. कारागीर लावून देतो. वरून तीच वेणी, तेच कान, तोच अंगठा. पण जमिनीला रबर टेकलं, की ती ६४०३.२० मधून उठून ६४०३.९९ मध्ये जाते. तिथे पुरुषांच्या चपलेला ८.५ टक्के, बायकांच्या चपलेला साधारण १० टक्के. कारागिराच्या लेखी ती अजून कोल्हापुरीच, कागदावर ती आता दुसऱ्याच कुणाच्या पंगतीला.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे. चांगलं झालं. पण या आकड्याला जीआयशी काही देणंघेणं नाही. पट्टे तसेच आणि तळ चामड्याचा असेल, तर कुठल्याही देशात बनलेली सँडल याच ओळीत बसते.

आणि शून्याचंही काय झालं बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने भारतीय मालावर आधी २५ आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के जादा शुल्क लावलं. ६४०३.२० समोर पुस्तकात शून्यच छापलेलं राहिलं, पण बंदरात शंभर रुपयांच्या जोडामागे पन्नास रुपये मागू लागले.

सत्तरच्या दशकात हिप्पींच्या पायांत कोल्हापुरी होती, तेव्हा आपल्या भागातून बराच माल बाहेर गेला. कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत त्या वेळची बिलं, शिपिंगचे कागद असतील तर फोटो पाठवा. त्यावर मालाचं वर्णन काय लिहिलंय, कोल्हापुरी की नुसतं लेदर सँडल, तेवढंच बघायचंय.