एकरंगी झेंड्याचा बेत

भारताचा झेंडा अखंड केशरी असता आणि त्यावर फक्त चरखा असता, तर? ही कुणा कादंबरीकाराची कल्पना नाही. १९३१ साली काँग्रेसच्या सात जणांच्या समितीने हीच शिफारस लेखी केली होती. कधीच नसलेल्या बेटांचे आणि न घडलेल्या देशांचे झेंडे आखणारे हौशी लोक जगभर आहेत. इतिहासाने वेगळं वळण घेतलं असतं तर निशाण कसं दिसलं असतं, हे ते रंगवून पाहतात. आपल्याकडे हे काम हौसेचं नव्हतं. नकाशावर स्वतंत्र म्हणून नसलेल्या राष्ट्राचं निशाण आपली माणसं तब्बल चाळीस वर्षं आखत होती.

२२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये मादाम कामांनी समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एक तिरंगी झेंडा उलगडला. हिरवा, केशरी आणि तांबडा असे पट्टे, आठ प्रांतांची आठ कमळं, मधोमध देवनागरीत ‘वंदे मातरम्’ आणि खाली सूर्य नि चंद्रकोर. त्या काळातला हा झेंडा पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. त्यात सगळ्यांना सामावून घेण्याची तळमळ दिसते, पण दाटीही फार झाली आहे. दहा वर्षांनी होमरूलचा झेंडा आला. पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींचे सात तारे आणि कोपऱ्यात चक्क युनियन जॅक! मागणी साम्राज्याच्या आतल्या स्वराज्याची होती, म्हणून तो कोपरा. लोकांना तो रुचला नाही.

१९२१ मध्ये पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना आराखडा दाखवला आणि त्यातून चरख्याचा झेंडा रूढ झाला. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा. काँग्रेसने त्याला रीतसर मान्यता दिली नव्हती, तरी तो गावोगाव फिरत होता. १९२३ च्या मे महिन्यात नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये हा झेंडा न्यायला सरकारने मनाई केली आणि झेंडा सत्याग्रह उभा राहिला. देशभरातून स्वयंसेवकांच्या तुकड्या येत, झेंडा घेऊन निघत आणि तुरुंगात जात. ऑगस्टपर्यंत हे चाललं.

पुढे रंगांवरून कुरबुर वाढली. कुठला पट्टा कुठल्या धर्माचा, असा हिशेब लोक मांडू लागले. शिखांनी आपल्याही रंगाचा आग्रह धरला. म्हणून एप्रिल १९३१ मध्ये कराचीत समिती नेमली गेली. वल्लभभाई पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, आणि दोन मराठी नावं: साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. समितीने प्रांतोप्रांतीची मतं मागवली आणि निकाल दिला की झेंडा एकाच रंगाचा असावा, तो रंग केशरी असावा आणि त्यावर वेगळ्या रंगात चरखा असावा. वाटणीच नको, म्हणजे भांडणही नको.

आखणी म्हणून हा झेंडा सरस होता. एक रंग, एक चिन्ह, लांबूनही ओळखू येणारं. तरीही ऑगस्टमध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीने तो नाकारला आणि तिरंगाच ठेवला. क्रम मात्र बदलला: वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, पांढऱ्यावर निळा चरखा. रंगांचे अर्थही धर्मांवरून काढून त्याग, शांती, श्रद्धा यांच्याशी जोडले. हा निर्णय योग्यच होता. ज्या तीन पट्ट्यांसाठी माणसं आठ वर्षांपूर्वी तुरुंगात गेली, ते कागदावरच्या सुबकतेसाठी कसे पुसायचे?

खानदेशाने तो झेंडा लगेच आपला केला. चाळीसगाव, अमळनेर, जळगाव, धुळे हा कापसाचा आणि कापडगिरण्यांचा मुलूख. पण निशाणाला गिरणीचं कापड चालत नसे. हातानं पिंजून, पेळू करून, टकळीवर किंवा चरख्यावर काढलेलं सूत आणि हातमागावरची खादीच हवी. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष नेहरू. धनाजी नाना चौधरींनी राबून ते उभं केलं, साने गुरुजी त्याच्या प्रचारासाठी गावोगाव हिंडले आणि नंदलाल बोसांनी बांबूसारख्या साध्या सामानातून टिळकनगर सजवलं. त्यावर तिरंगा होता.

सहा वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारमध्ये मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहताच्या हातात तोच झेंडा होता. भारतभूमीचं निशाण झुकणार नाही, अशा अर्थाची त्यांची गुजराती घोषणा होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासह पाच जण गेले.

आणि बेटंही या कथेत आहेतच, तीही खरी. ३० डिसेंबर १९४३ रोजी सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. अंदमान आणि निकोबार या बेटांना आझाद हिंद सरकारने ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ अशी नावं दिली. युरोपातल्या त्यांच्या सैनिकांच्या बाहीवरच्या तिरंग्यात झेपावणारा वाघ होता. युद्धाचा निकाल वेगळा लागता, तर कदाचित तोही एखाद्या झेंड्यावर दिसला असता.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. नेहरूंनी दिलेलं एक कारण निव्वळ आखणीचं होतं: झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. चरख्याचं चाक एका टोकाला, चाती दुसऱ्या टोकाला; मागून पाहिलं की चित्र उलटं. चोवीस आऱ्यांच्या चक्राला ही अडचण नाही.

खानदेशातल्या चित्रकला शिक्षकांना एक विनंती आहे. इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राचा सराव घेताना एकदा तरी मुलांना १९३१ चा पेच द्या. एकरंगी की तिरंगी, हे त्यांना आधी आखू द्या आणि मग नागपूरचा सत्याग्रह सांगून पुन्हा आखायला लावा.