टुटू : पिसासारखा हलका, कागदासारखा पेटणारा

'टुटू' हा शब्द कदाचित तुम्ही ऐकला नसेल, पण वस्तू नक्की पाहिली असेल. बॅलेच्या नर्तिकेच्या कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरलेला, जाळीच्या थरांचा तो झगा. म्युझिक बॉक्स उघडल्यावर गोल गोल फिरणाऱ्या बाहुलीच्या अंगावर असतो तोच. 'सेक्स अँड द सिटी'च्या टायटल्समध्ये बसने उडवलेलं पाणी कॅरी ब्रॅडशॉच्या ज्या फिक्या झग्यावर येतं, तोही तोच.

वरवर पाहिलं तर निव्वळ नखरा वाटतो. पण हा झगा उसवत गेलं की आत यंत्रं सापडतात, गॅसचे दिवे सापडतात आणि काही जळून मेलेल्या मुली सापडतात. म्हणून म्हटलं, या वीकेंडला जरा टुटूबद्दल बोलू.

बॅले हा मुळात राजवाड्यातला प्रकार. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढली. तेव्हाचे पोशाख म्हणजे जड कापड, जरीकाम आणि पायघोळ घेर. बाईचे पाय दिसायचेच नाहीत, मग त्या पायांचं कौशल्य कुणाला दिसणार? अठराव्या शतकात मारी कामार्गो नावाच्या नर्तिकेने आपला घेर काही इंच वर घेतला, पावलं दिसावीत म्हणून. आज वाचताना हसू येतं, पण तेव्हा त्यावर चांगलीच चर्चा झाली होती.

खरा बदल झाला १२ मार्च १८३२ या दिवशी. पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' हा बॅले सादर झाला. स्कॉटलंडमधल्या एका तरुणाला लग्नाच्या दिवशीच एक परी दिसते आणि तो वधूला सोडून तिच्यामागे रानात जातो, अशी गोष्ट. परी होती मारी तालियोनी. तिचे वडील फिलिप्पो यांनीच हा बॅले बसवला होता आणि मुलीकडून अक्षरशः घाम गाळून तयारी करून घेतली होती. तिच्या अंगावर घट्ट चोळी, उघडे खांदे, पाठीला छोटे पंख आणि पोटरीपर्यंत येणारा घंटेच्या आकाराचा पांढरा, तलम झगा. ती चवड्यांच्या टोकावर उभी राहिली की जमिनीला टेकलेलीच नाही असं वाटायचं. या पोशाखाचं श्रेय सहसा चित्रकार यूजेन लामी याला देतात. आज याला 'रोमँटिक टुटू' म्हणतात.

आता इंजिनियरच्या डोक्यात येणारा प्रश्न: हे १८३२ मध्येच का झालं? पऱ्यांच्या गोष्टी तर त्याआधीही होत्याच की.

एक कारण म्हणजे कापड. तलम जाळी पूर्वी हाताने विणावी लागायची आणि ती श्रीमंतांनाच परवडायची. इंग्लंडमधल्या जॉन हीथकोट याने १८०८ आणि १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राची पेटंटं घेतली. षटकोनी छिद्रांची जाळी यंत्रातून भराभर बाहेर पडू लागली. १८१६ मध्ये यंत्रविरोधी लडाइट कामगारांनी त्याच्या लफबरोच्या कारखान्यात घुसून यंत्रं फोडली, तेव्हा तो सगळं गुंडाळून डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला. त्या कामगारांना वेडे म्हणणं सोपं आहे. पण दर दोन वर्षांनी 'आता आपली नोकरी राहील का' असा प्रश्न पडणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ते म्हणू नये! गंमत म्हणजे टिव्हर्टनची ती कंपनी अजून चालू आहे. २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हर ज्या पॅराशूटने मंगळावर उतरलं, त्याचं कापड तिथलंच.

दुसरं कारण म्हणजे उजेड. पॅरिस ऑपेरात १८२२ मध्ये गॅसचे दिवे आले. गॅसची ज्योत एका जागेवरून कमी-जास्त करता येते. म्हणजे रंगमंचावर पहिल्यांदाच खरं वाटणारं चांदणं पाडता आलं. त्या निळसर अंधूक उजेडात पांढरी तलम जाळी आपोआप चमकते. परी तयार झाली ती अशी: थोडी तालियोनीच्या पायांमुळे, थोडी स्वस्त झालेल्या जाळीमुळे आणि थोडी गॅसमुळे.

आणि इथेच घात होता.

तलम सुती कापडाचे थरावर थर, मध्ये भरपूर हवा आणि कडेला उघड्या ज्योती. सरपण रचताना आपण नेमकं हेच करतो. शिवाय झगा अंगापासून फुटभर लांब पसरलेला, त्यामुळे कड पेटली तरी नाचणारीला पटकन कळायचं नाही. १८४४ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लॅरा वेबस्टर भर प्रयोगात पेटली आणि काही दिवसांत गेली. १८६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका थिएटरात एकीचा पोशाख पेटला, तिला वाचवायला बाकीच्या धावल्या आणि त्याही पेटल्या. किमान सहा जणी गेल्या.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट एमा लिव्रीची. ही तालियोनीची लाडकी शिष्या. १८६० मध्ये तालियोनीने तिच्यासाठी 'ल पापियों', म्हणजे 'फुलपाखरू', हा बॅले बसवला. त्यात नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीवर जळतात! कापड आगीला दाद देऊ नये म्हणून त्यावर करायची एक रासायनिक प्रक्रिया तोवर निघालेली होती. १८५९ मध्ये तसा सरकारी हुकूमही निघाला होता. पण त्या प्रक्रियेने कापड कडक आणि मळकट दिसायचं. लिव्रीने चक्क लेखी कळवलं की मी माझा नेहमीचाच झगा घालून नाचणार, परिणामांची जबाबदारी माझी. १५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीच्या वेळी तिचा झगा गॅसच्या दिव्याला लागला. आठ महिने ती यातना भोगत होती. २६ जुलै १८६३ ला ती गेली, तेव्हा तिला एकविसावंही लागलं नव्हतं असं नाही, लागलेलं होतं, पण पुरं झालं नव्हतं. तिच्या पोशाखाचे उरलेले जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

'पोरगी हट्टी होती, दिसण्यापायी गेली' असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. जिचं सगळं करियर 'हवेत तरंगणारी' दिसण्यावर उभं आहे, तिच्या हातात कडक, पिवळट झगा द्यायचा आणि निवड तिच्यावर सोडायची, ही कसली निवड? आपल्या धंद्यात हे रोज दिसतं. सुरक्षेचा असा काही उपाय काढायचा की कामच करता येऊ नये, मग लोक तो बंद करून ठेवतात आणि खापर त्यांच्यावरच फुटतं. बदलायला हवा होता तो दिवा. तो बदललाही, पण उशिरा. १८८१ मध्ये लंडनचं सॅव्हॉय थिएटर पूर्णपणे विजेवर उजळलं आणि मग हळूहळू बाकीच्या थिएटरांतूनही उघड्या ज्योती हद्दपार झाल्या.

त्याच दशकात झगाही आखूड झाला, पण वेगळ्या कारणाने. इटलीच्या नर्तिका जास्त टणक बूट आणि जास्त अवघड गिरक्या घेऊन रशियात पोचल्या. व्हर्जिनिया झुक्कीने १८८५ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गला लांब घेर घालायला नकार दिला. पिएरिना लेन्यानी एका पायावर लागोपाठ ३२ गिरक्या घ्यायची. असलं काही करायचं तर गुडघे आणि मांड्या मोकळ्या हव्यात आणि प्रेक्षकांना दिसायलाही हव्यात. घेर वर गेला आणि आडवा झाला. 'टुटू' हा शब्दही याच काळातला. तो फ्रेंच बाळबोलीतल्या 'ढुंगण' या अर्थाच्या शब्दावरून आला असं मानतात. म्हणजे इतक्या नाजूक वस्तूचं नाव हे असं. :)

आजचा टुटू हे पक्कं इंजिनियरिंग आहे. आत चड्डी, तिच्यावर जाळीचे दहा-बारा थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा रुंद, आणि सगळे हाताने सैल टाके घालून एकमेकांना बांधलेले. काही प्रकारांत आकार टिकावा म्हणून आत तारेची रिंग घालतात. रशियातून आलेल्या कारिन्स्काने १९५० मध्ये न्यूयॉर्कला बॅलन्शिनच्या बॅलेसाठी रिंगशिवाय तरंगणारा मऊ टुटू बनवला, कारण रिंगा एकमेकींवर आपटून झगे वेडेवाकडे हलायचे. आणि टुटू कपाटात उलटा टांगतात, नाहीतर घेर खाली पडतो.

फॅशनवाले याच्यापासून लांब राहणं शक्यच नव्हतं. १९४७ मध्ये ख्रिस्तियान दिओरने 'न्यू लुक' आणला. बारीक कंबर आणि खाली फुलासारखा उमललेला घेर. महायुद्धातल्या काटकसरीनंतर मीटरच्या मीटर कापड उधळणं हीच त्याची चैन होती. त्याच काळात नर्तकी मार्गो फॉन्टेन त्याचे कपडे घालू लागली. व्हिव्हियन वेस्टवूडने १९८५ मध्ये टुटू आणि व्हिक्टोरियन काळातला सांगाड्याचा झगा यांचं कलम करून 'मिनी-क्रिनी' काढला. आणि २०१८ मध्ये फ्रेंच ओपनने सेरेना विल्यम्सच्या अंगासरशी पोशाखावर आक्षेप घेतल्यावर ती यूएस ओपनला थेट टुटू घालून उतरली. कॅरीचा तो झगा म्हणे ५ डॉलरला मिळाला होता. २०२४ मध्ये त्यातल्या एकाचा लिलाव ५२,००० डॉलरला झाला.

आपल्याकडे बॅले फारसा आलाच नाही, पण झगा मात्र आला. मुलींचे वाढदिवसाचे नेटचे फ्रॉक बघा. किंवा लग्नाचा घागरा शिवायला टाका, टेलर विचारतो, "आत कॅनकॅन लावायचा ना?" कॅनकॅन हे पॅरिसच्याच एका नाचाचं नाव. घेर फुगवायचं तंत्र तिथलंच.

तेव्हा दिवाळीत एवढं जरूर करा. नेटचा फ्रॉक घातलेली भाची पणत्या लावायला धावली की तिला आधी साधा, अंगाबरोबरचा कपडा घाला. लिव्रीचा झगा सुती होता, आजचा नायलॉनचा असतो. तो वितळून कातडीला चिकटतो, एवढाच फरक. आणि ती "नाही, मला हाच हवा" म्हणून हटून बसली, तर तिच्यावर ओरडू नका. पणत्या कठड्यावर, तिच्या घेराच्या वर ठेवा.